ऑर्डर पक्की, पैसे घेतले, आणि तिसऱ्या दिवशी ‘किंमत चुकली’ म्हणून रद्द. काय करता येतं?

खानापूरची शिलाईवाली

नमस्कार. मी खानापुरात घरीच शिलाई करते. मे-जूनला शाळेच्या ड्रेसांचा ढीग पडतो, म्हणून यंदा कापडाच्या कडा मारायचं नवं ओव्हरलॉक मशीन घ्यायचंच ठरवलं होतं. बेळगावात दोन दुकानांत विचारलं, मोटर-टेबलासकट तेरा हजाराच्या आसपास सांगितलं. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात तेच मशीन 8,499 ला दिसलं, वर ‘आजचा सौदा’ अशी लाल पट्टी. स्वस्त वाटलं, पण सेल म्हटल्यावर एवढा फरक असतोच की.

रात्री साडेदहाला फोनवरून पैसे भरले. ‘ऑर्डर निश्चित झाली, शनिवारपर्यंत मिळेल’ असा मेसेज आला. तो बघून माझं जुनं मशीन नंदगडच्या ओळखीच्या बाईला तीन हजाराला देऊन टाकलं. तेवढी मात्र माझी घाई झाली.

तिसऱ्या दिवशी मेसेज: ‘तांत्रिक चुकीमुळे किंमत चुकीची दाखवली गेली, ऑर्डर रद्द करण्यात येत आहे.’ पैसे पाच दिवसांनी परत आले, ते नाही म्हणत नाही. पण त्याच संध्याकाळी बघते तर तेच मशीन, तोच विक्रेता, टेबलावर पिवळ्या दोऱ्याचा कोन ठेवलेला तोच फोटो, आणि किंमत 12,990. लाल पट्टी तशीच!

आता कडा मारून घ्यायला शेजारच्या गल्लीत नगाला 5 रुपये मोजायलोय. हे म्हणतात, ‘पैसे आले ना, मग गप्प बस.’ खरंच गप्प बसायचं काय?

वडगावचा साडीवाला

ताई, रागावू नका, मी पलीकडच्या बाजूचा आहे. साड्या ऑनलाइन विकतो. दोन वर्षांमागं 2,850 च्या साडीला घाईत 285 टाकलं. सकाळी उठून बघतोय तर 14 ऑर्डरी, त्यातल्या 6 एकाच माणसाच्या! त्याला काय कळलं नव्हतं होय? सहा घरांत साड्या वाटायला निघाला होता बहुतेक. मी सगळ्यांना स्वतः फोन केला, माफी मागितली, पैसे त्याच दिवशी परत पाठवले. पुण्याच्या एका आजींनी एकच घेतली होती, नातीच्या बारशाला. त्यांना मात्र 285 ला पाठवली. फोनवर त्या काही बोलल्याच नाहीत, त्याचीच लाज वाटली.

तर चूक होते. पण शून्य पडणं वेगळं आणि तुमचं वेगळं. 8,499 आणि 12,990 मध्ये मला बोट घसरलेलं दिसत नाही. पट्टी तशीच ठेवली म्हणजे तर मला वास येतोय.

कोर्टाजवळ टायपिंग करणारा, बेळगाव

साडीवाल्या भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. मी वकील नाही, पण तीस वर्षं वकिलांचेच कागद टाइप करतोय.

पहिली गोष्ट, ऑनलाइन दुकानात लावलेली किंमत म्हणजे दुकानदार बांधला गेला असं आपोआप होत नाही. बहुतेकांच्या अटींत लिहिलेलं असतं की माल रवाना केल्यावरच ऑर्डर स्वीकारली असं धरायचं. ‘मला त्याच भावात मशीन द्याच’ हा हट्ट धरलात तर अवघड जाईल. चूक ढळढळीत असेल तर ग्राहकच तोंडावर पडतो. सिंगापुरात 2003 साली 3,854 डॉलरचा प्रिंटर 66 ला लागला, सहा जणांनी मिळून 1,606 मागवले. कोर्टाने 2004 मध्ये सांगितलं, चूक आहे हे तुम्हाला माहीत होतं, करार रद्द. तो निकाल इथं बांधील नाही, पण विचार तसाच चालतो.

तुमच्याकडे मात्र दुसरी वाट आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ज्या भावात विकायचंच नाही त्या सवलतीच्या भावाची जाहिरात करणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. तेव्हा मशीन मागण्यापेक्षा भरपाई मागा: नगाला 5 रुपयांचा हिशेब, त्रास, खर्च. जुनं मशीन विकलं तेही लिहा, पण त्यावर ते वाद घालतील.

आधी त्या दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाली काढायची. नाही हलले तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. मग जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील लागतोच असं नाही. विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, तुम्ही राहता तिथं अर्ज करता येतो. मी इथं पाहिले ते कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत, तेवढं कुणाकडून करून घ्या.

आणि दोन्ही किमतींचे फोटो काढलेत ना? पट्टीसकट?

निपाणीत दुकान, कागलला घर

मधेच विचारतो. माझं असंच झालं तर कर्नाटकात जायचं की महाराष्ट्रात?

कोर्टाजवळ टायपिंग करणारा, बेळगाव

राहता तिथं किंवा कामधंदा करता तिथं. म्हणजे बेळगाव किंवा कोल्हापूर, जो सोयीचा तो. सीमाभागात राहण्याचा एवढा तरी फायदा!

खानापूरची शिलाईवाली

काका, फोटो आहेत, पहिला रात्री काढला होता बहिणीला पाठवायला. आणि एक सापडलं. मागच्या दिवाळीत ह्याच दुकानातली इस्त्री मी रद्द केली, तेव्हा रद्द केल्याचा आकार म्हणून 150 कापले होते. मग ते रद्द करतात तेव्हा त्यांना काय?

कोर्टाजवळ टायपिंग करणारा, बेळगाव

अहो ताई, हे आधी सांगायचं! त्याच नियमांत आहे की स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तसाच भार उचलत नसतील, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार घेता येत नाही. ती पावती पहिल्या पानाला जोडा.

खानापूरची शिलाईवाली

काल रात्री लिहून पाठवलं. आज दुपारी तक्रारीचा नंबर आला, पुढं बघू. नंदगडच्या बाईंना मशीन परत देता का विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तेल घातल्यापासून लोण्यासारखं पळायलंय, आता कशाला देऊ?’