श्रीवर्धनचं वडिलोपार्जित घर आणि वाडी विकायची आहे, टोकन आत्ताच घ्यावं का?

प्रश्न: माडबन

श्रीवर्धनला आजोबांच्या नावावर कौलारू घर आणि मागे 12 गुंठे सुपारीची वाडी आहे. आजी-आजोबा दोघंही नाहीत. वारस म्हणजे बाबा, आत्या आणि अमेरिकेतले काका. विकायला तिघेही तयार आहेत. घर दोन पावसाळे बंद आहे. मुंबईचं एक कुटुंब घर-वाडी एकत्र मागतंय आणि लगेच टोकन देतो म्हणतंय. घ्यावं का?

रोठा

घेऊ नका. आधी त्यांना विचारा, घरात कुणी शेतकरी आहे का? वाडीचा सातबारा शेतजमिनीचा असेल तर कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. असे व्यवहार टोकनानंतरच अडकतात, आणि मग टोकन परत करण्यावरून वाद होतो.

घराचे कागद वेगळे. मिळकत पत्रिका भूमी अभिलेखकडे, सातबारा तलाठ्याकडे, घरपट्टी नगरपरिषदेत. वारसनोंद तिन्हीकडे स्वतंत्रपणे करावी लागते. घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नव्हे. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर थांबा. ते एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून लागलेलं नाव असतं, म्हणजे आजोबांच्या भावांचे वारसही हिस्सेदार निघू शकतात. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढून वाचा. 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव किंवा बोजा (कर्जाची नोंद) आहे का, तेही बघा.

चिरेबंदी

मोजणीचा अर्ज आजच टाका, तारीख मिळायला वेळ लागतो. मोजणीची 'क प्रत' (हद्दीचा सरकारी नकाशा) आणि जागेवरचा गडगा (दगडी कुंपण) पुष्कळदा जुळत नाही. शेजाऱ्याशी ते गिऱ्हाईक यायच्या आधी मिटलेलं बरं.

माझ्या मते घर आणि वाडी दोन गिऱ्हाइकांना विकायचीही तयारी ठेवा. वाडी गावातला बागायतदार घेईल. पण वाडीत जायची वाट घराच्या खळ्यातून (अंगणातून) असेल आणि विहीर एकच असेल, तर वाटेची रुंदी, पाण्याचा वाटा आणि पंप कुठे बसणार हे दोन्ही खरेदीखतांत लिहा. तोंडी वहिवाट पुढची पिढी मानत नाही.

वाडीचा भाव जुन्या उत्पन्नावर सांगू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तिथल्या पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या झाल्या, आणि नवीन रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. आज उभी असलेली, सुपारी धरणारी झाडं किती तेवढी मोजा.

बंद घराचं छप्पर आधी बघा. एक कौल सरकलं की पाणी रिपेवरून (कौलांखालच्या पट्टीवरून) वाशाच्या टोकाला, तिथून भिंतीच्या माथ्यावर उतरतं. वासा भिंतीत शिरतो तिथेच कुजतो आणि खालून काहीच दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वासा बदला. पाऊस सुरू व्हायच्या आत कौलं चाळून (काढून, फुटकी बदलून पुन्हा लावून) घ्या, शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं धरा. खांबांच्या तळाशी वाळवीची मातीची नळी दिसली तर नुसती झाडू नका, जमिनीतच औषध सोडायला हवं.

माडबन

काकांना यावं लागेल का? आत्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरतंय.

रोठा

हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा सोडून देणं; आत्या पैशातला हिस्सा घेणार असतील तर ते नको. त्यांना विकणार म्हणूनच सही करू दे, पैसे थेट त्यांच्या खात्यात. मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, आणि सही नसलेला वारस दिसला की गिऱ्हाइकाचा वकील तिथेच अडवतो.

काकांनी यायची गरज नाही. भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) पाठवू दे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. त्यात मिळकतीचं पूर्ण वर्णन आणि 'विकण्याचा, नोंदणीचा अधिकार' स्पष्ट हवा.

काका अनिवासी आहेत, त्यामुळे त्यांच्या हिश्श्यावर गिऱ्हाइकाला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो. 50 लाखांच्या आतल्या व्यवहाराची सवलत त्यांना नाही. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवला नाही तर नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कपात होते, आणि परताव्यासाठी विवरणपत्र भरून वाट बघावी लागते.

चिरेबंदी

घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेडच्या (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या क्षेत्राच्या) मंजूर नकाशात सर्व्हे नंबर कुठल्या पट्ट्यात येतो ते आधी काढून ठेवा. पाडून रिसॉर्ट बांधायचं मनात धरून येणारे गिऱ्हाईक पुष्कळ असतात. नकाशा पहिल्याच भेटीत समोर ठेवा.