‘आशा परत येते’: गोष्ट घरोघरी, पुस्तक कुठे?

चिपळूणचा वाचक
राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आणि त्यावरून हिंदीत आलेला ‘मेरा साया’ (१९६६) न पाहिलेला माणूस आमच्या पिढीत विरळा. परंतु ज्या कादंबरीवरून ‘पाठलाग’ निघाला, ती जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ वाचलेला कोणी मला आजवर भेटलेला नाही. पत्नीचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलेल्या पुरुषासमोर हुबेहूब तिच्यासारखी आरोपी उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगते, हा पेच मराठी लेखकाला सुचला होता. रहस्यकथांच्या संग्राहकाने पहिला शोध याच पुस्तकाचा घ्यावा.

देवगडचा वाचक
मला हे पटत नाही. चित्रपट गाजला नसता, तर आपण या पुस्तकाचे नाव तरी घेतले असते का? बाबूराव अर्णाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या ओढीने लोकांनी पाने सुटेपर्यंत वाचल्या, आणि रहस्यकथेचा खरा मान तोच. संग्राहक पहिली आवृत्ती आणि अखंड मुखपृष्ठ शोधतो. ते मिळाले की पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते आणि वाचकाला कायमचे अंतरते.

वेंगुर्ल्याचा वाचक
मुखपृष्ठाचे मोल कमी लेखू नये. माझे वडील वाचनालयांची पुस्तके बांधत. रंगीत मुखपृष्ठ काढून टाकायचे, पुठ्ठा आणि कापडी पाठ लावायची, खळीत मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. पुस्तक टिके, पण त्यावरचे चित्र जाई. आपल्या दमट हवेत न बांधलेली प्रत तर चार पावसाळ्यांत भुरभुरू लागते. म्हणून मुखपृष्ठासह उरलेली प्रत दिसली की माझा हात आजही थांबतो.

चिपळूणचा वाचक
आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात (स्थापना १८६४) २००५ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांचे पाणी शिरले. भिजलेला मान्यवर ग्रंथ पुन्हा मागवता येतो. नवी आवृत्तीच न निघालेली रहस्यकथा कुठून मागवणार? ती कोणा संग्राहकाच्या माळ्यावरच सापडेल. मात्र संग्राहकाकडे गेलेले पुस्तक वाचकाला अंतरते, हे देवगडकरांचे म्हणणे मला मान्य आहे; म्हणून त्याने ती स्कॅन करू द्यावी.

देवगडचा वाचक
स्कॅन करू देणारा संग्राहक भेटला, तर माझी निम्मी तक्रार मिटेल. उरलेली निम्मी मात्र कायम आहे: देवकुळे यांची कादंबरी हाती आली, तर आपण ती आधी वाचाल की आधी तिचे मुखपृष्ठ तपासाल?

चिपळूणचा वाचक
आधी वाचीन, आणि वाचून झाली की देवगडला पाठवीन.