नट सहा, बॉन्ड एकच : आमच्या मायले हे कसं उमगलं?

बांधीवरचा (देसाईगंजकडला)
राजेहो, एक प्रश्न डोक्यात घोळून राहिला. मी सहावीत असताना आमच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, व्हिडिओ आला होता. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री एक रुपया तिकीट, बाजूला जनरेटरची धडधड. सिनेमा १९८३ चा 'ऑक्टोपसी', जेम्स बॉन्ड नावाच्या इंग्रज हेराचा. इंग्रजी कोणाले येते! पण उदयपूर दिसून राहिलं होतं, म्हणून कोणी हललं नाही. गारुडी पुंगीवर बॉन्डचीच धून वाजवते, अन् तो गारुडी म्हणजे आपला टेनिसवाला विजय अमृतराज! पुढे ऑटोरिक्षाच्या पाठलागात तो रॅकेटनंच गुंडांले हाणते. माझ्या बाजूचा म्हातारा हसता हसता खोकलत बाहेर गेला.

परवा खळ्यावर मळणीयंत्राची वाट पाहून राहिलो होतो. पोरगा मोबाइलवर डॅनियल क्रेगचा बॉन्ड पाहे, हिंदीतला. माय वाकून म्हणते, "हा तोच काय रे, पुंगीवाल्या सिनेमातला?" पोरगा म्हणे, "नाव तेच, माणूस दुसरा." "असं होय," म्हणून माय पुन्हा धान पसरवाले लागली. तिले काहीच वावगं वाटलं नाही, मलेच वाटलं. १९६२ पासून २०२१ पर्यंत २५ सिनेमे अन् सहा नट. ज्या सोव्हिएत रशियाच्या धाकात तो जन्मला, ते राज्यही मोडलं. मग हा काऊन टिकून आहे?

जुना_प्रॉम्टर
भाऊ, तुमची माय झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांची प्रेक्षक आहे, तिला हे सांगावं लागत नाही. वडशाच्या (देसाईगंजच्या) एका नाटक कंपनीत मी सात सीझन प्रॉम्टिंग केलं. औंदाचा हिरो पुढच्या सालाला दुसऱ्या कंपनीत. त्याची भूमिका तिसराच करतो, तालमी जेमतेम. लोकं नट पाहायला येतात हे खरं, पण एंट्री ठरलेलीच पाहिजे. ऑर्गनवर तो सूर लागला की मागचा झोपलेला माणूसही उठून बसतो. बॉन्डची धून तेच काम करते. आडनाव आधी सांगून मग पूर्ण नाव सांगायची त्याची लकब घ्या. पब्लिक ते वाक्य त्याच्या आधी म्हणतं. असं वाक्य हाती लागलं तर आमचा लेखक तीन सीझन त्यावर जगेल.

पक्षीमास्तर
नावाचीच गंमत सांगतो. इयान फ्लेमिंगने १९५२ साली जमैकात पहिली कादंबरी लिहिली, ती १९५३ ला छापली गेली. नायकाला त्याला अगदी साधं, चव नसलेलं नाव हवं होतं. ते मिळालं घरातल्या पक्ष्यांच्या पुस्तकावर. वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांचं ते पुस्तक जेम्स बॉन्ड नावाच्या अमेरिकन पक्षितज्ज्ञाचं! मी शाळेतल्या पोरांना तळ्यावर सारस दाखवायला नेतो तेव्हा हे हमखास सांगतो. मग दुर्बिणीसाठी भांडणं लागतात. महायुद्धात फ्लेमिंग नौदलाच्या गुप्तचर खात्यात होता, पण काम बरंचसं टेबलावरचं. टेबलावर बसणाऱ्याने उभा केलेला हेर आहे तो, म्हणून टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांनाच भावतो, असं मला वाटतं. माझ्यासकट.

बचतगटवाली
मास्तर, टेबलवाल्यांचं सोडा. मला हा माणूस अर्धाच आवडतो. दर सिनेमात नवी बाई, अन् पुढच्या सिनेमात तिचं नावही नाही. मी पाहते ती त्याची साहेबीण. जुडी डेंच १९९५ ला 'एम', म्हणजे हेरखात्याची प्रमुख झाली आणि त्याच सिनेमात तिनं त्याला तोंडावर सांगितलं की तू डायनासोर आहेस, बायकांना कमी लेखणारा. तेव्हापासून मी नियमित पाहते. आणि तो हत्यारं-गाड्या बनवणारा क्यू बिचारा दर खेपेला गाडी देतो, हा तिचा चुराडा करून येतो! आमच्या गटानं फवारणी पंप भाड्यानं दिला होता, नोझल हरवलं तर त्या माणसाकडून पुरे पैसे घेतले. याला कोणी वही दाखवत नाही. खरं सांगू? त्याचा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी.

बांधीवरचा
ताई, वहीचं एकदम बरोबर. मास्तर, ते पक्ष्याचं पोराले सांगितलं, त्याले खरंच वाटेना. प्रॉम्टरभाऊ, तुमचं मायले वाचून दाखवलं तर म्हणे, "यात काय नवीन?" मग मी तिलेच विचारलं, तुले तो काऊन आवडते? ती म्हणते, "एवढा मारामारी करते, गाडीखालून निघते, तरी सदऱ्याले डाग नाही. धुते कोण?"

पोराजवळ याचं उत्तर नव्हतं. मळणीयंत्र आलं, निघतो.