लाठीकाठी क्लास: कपडे आणि सामान

अमृता (बी-४०३): शनिवारपासून पोडियमवर मर्दानी खेळांचा क्लास आहे ना? ड्रेस काय ठरलाय? ऑनलाइन मावळ्याचा सेट दिसतोय, सदरा, सलवार, शेला, वर जिरेटोप. आरवने हट्ट धरलाय. मागवू का?

सेक्रेटरी काका: सरांनी ड्रेसचं काही कळवलेलं नाही. पाटील कोल्हापूरचे, त्यांना विचारा.

पाटील (सी-१०२): वहिनी, थांबा, पैसे घालवू नका. त्या सॅटिनच्या सलवारीत पोरगं पहिल्याच बैठकीला टरकन फाडून घेईल. आणि मावळ्याच्या डोक्यावर जिरेटोप कशाला? मुंडासं बांधा. तेही शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकाला. सरावाला जुना सुती टी-शर्ट आणि ढगळ ट्रॅक पँट. नाडी आत खोचलेली हवी, लोंबणारी टोपी असलेलं जॅकेट नको. अंगठी, कडं, घड्याळ, कानातले डूल घरी ठेवा. मुलींची वेणी लांब असेल तर अंबाडा. काठी मागून पाठीवर येते तेव्हा वेणी अडकली की डोळ्यांत पाणी!

अमृता: बूट?

पाटील: तालमीत लाल मातीवर आम्ही अनवाणीच खेळायचो. इथं पेव्हर ब्लॉक आहेत, म्हणून सपाट तळाचे कॅनव्हास बूट घाला. जाड सोलचे रनिंग शूज नकोत, गिरकी घेताना पाय मुरगळतो.

डॉ. जोशी (ए-२०१): हेल्मेट? एल्बो गार्ड?

पाटील: सुरुवातीला सगळे हवेतच फिरवतात, डॉक्टर. मार लागतो तो स्वतःच्याच काठीचा, घोट्याला नाहीतर कानाला. त्यापेक्षा दोघांत दोन काठ्यांचं अंतर ठेवा. पुढे फरी-गदका (ढाल आणि छडी) आला, म्हणजे समोरासमोर खेळायचं ठरलं, की डोक्याचं बघू. चष्म्याला मात्र मागून पट्टा लावाच.

अमृता: आणि काठी? हार्डवेअरवाल्याकडे ॲल्युमिनियमचा पाइप आहे.

पाटील: पाइप नको हो! घामाने सटकतो, आणि वाकला की संपला. भरीव बांबू हवा. सिंधुदुर्गातला माणगा मिळाला तर उत्तम, तो जवळजवळ भरीवच असतो. पोराला अनवाणी उभं करा, काठी कानाच्या पाळीपर्यंत आली पाहिजे. जाडी एवढी की मूठ वळल्यावर अंगठा पहिल्या बोटावर टेकेल. पेरांवर हात फिरवून बघा. बारीक कूस असेल तर पॉलिश पेपर मारा, नाहीतर पहिल्याच दिवशी तळहातात घुसते. मग जवसाचं तेल चोळून रात्रभर आडवी ठेवा. भिंतीला टेकवून ठेवली की वाकते, आणि वाकडी काठी फिरवताना हातात थरथरते.

रोहन (बी-७०१): दादा, दांडपट्टा कधी? २०२४ मध्ये तो राज्यशस्त्र झालाय, मग आधी तोच शिकवा की 😀

पाटील: भावा, आधी काठी. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, आत आडव्या दांडीला धरायचं. मनगट वळतच नाही, सगळं खांद्यातून आणि कमरेतून काढावं लागतं. खोबणी मोठी झाली तर हात आत डुगडुगतो, म्हणून दुसऱ्याचा पट्टा सहसा आपल्या हाताला बसत नाही. आतून कापडाची गादी लावतात, नाहीतर कातडी सोलते. आणि ऑनलाइन धारदार पातं मागवायच्या भानगडीत पडू नकोस. ९ इंचांपेक्षा लांब पातं शस्त्र कायद्याच्या यादीत येतं.

सेक्रेटरी काका: सोसायटीत धारदार काहीही नको. कृपया नोंद घ्यावी.

कुलकर्णी काकू (ए-१०४): पाटील, मला चालेल का रे? नऊवारी नेसून येऊ?

पाटील: चालेल की काकू! काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. पण पहिले काही दिवस पंजाबी ड्रेसच बरा, ओढणी मात्र घरी ठेवा. नऊवारी कार्यक्रमाला नेसा, बघणारे बघत राहतील.

सेक्रेटरी काका: पोडियमच्या ट्यूबलाइट किती उंचीवर आहेत, कुणी मोजल्यात का?

रोहन: काका, मी मोजतो. टेप घेऊन खाली या.

पाटील: मोजायच्या आधी बॅच गार्डनकडे हलवा. उंच माणूस, वर काठी, हिशेब तुम्हीच करा. काठ्या एकत्र मागवूया, ज्यांना हव्यात त्यांनी फ्लॅट नंबर आणि मुलाची कानापर्यंतची उंची इंचांत टाका.

अमृता: बी-४०३, ४४ इंच. आणि जिरेटोपाचा बेत कॅन्सल केला, घरात रडारड सुरू आहे.