वाईचा वाडा पाडायचा आहे, त्याआधी तो कधीचा हे कसं शोधायचं?

मधला_चौक

नमस्कार मंडळी. वाईत आमचा दोन चौकी (आत दोन उघडे चौक असलेला) वाडा आहे. खरं तर दीड चौकी म्हणायला हवा, कारण मागच्या चौकाची पूर्वेची बाजू पावसात बसली ती बसलीच. वाटेकरी बरेच, निम्मे परदेशात. बिल्डरशी बोलणं होत आलंय आणि दिवाळीनंतर पाडापाडी सुरू होईल. "पाडू नका हो" म्हणणाऱ्यांना आधीच हात जोडतो. माझ्यात जीव आहे, पैसा नाही.

पण पाडण्याआधी हे घर कोणी बांधलं, कधी बांधलं, एवढं तरी कळावं असं वाटतं. दिंडी दरवाजाच्या वर गणेशपट्टी (गणपती कोरलेली लाकडी पट्टी) आहे, तिच्या खाली १८०३ असा आकडा कोरलेला आहे. त्यावरून मोठे काका आल्यागेल्याला "दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचा वाडा" असं सांगतात. माडीवर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात मोडी कागदांचं गाठोडं. आमच्यात मोडी कुणाला येत नाही. मी पुण्याला नोकरी करतो, शनिवार-रविवार मोकळा असतो. कुठून सुरुवात करू?

सरळबोल

बिल्डरशी चटई क्षेत्राचं नीट बोला, तेच खरं. इतिहास शोधून स्क्वेअर फूट वाढत नाहीत.

ओटीवरची

सरळबोल, तुमचंही बरोबर, पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

मधला_चौक, हा माझा प्रांत. मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी केली. सात-बारा, फेरफार, बोजा यांतच केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, मी लोकांच्या पडक्या घरांत जाते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर घरच्यांनी नादच सोडलाय. पिशवीत विजेरी, टेप, रंगाचा जुना ब्रश, लोहचुंबक आणि पोळीचा लाडू. कुठल्याही गावात पारावर बसून "इथलं सगळ्यात जुनं घर कुणाचं?" एवढं विचारलं की दोन माणसं भांडायला लागतात आणि तिसरा चहा सांगतो. माझं काम तिथून सुरू होतं.

आधी तो आकडा. १८०३ च्या मागे 'शके' आहे का ते बघा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे शके १८०३ हे १८८१. पौषापासून पुढची तिथी असेल तर १८८२. मला तरी हे शकच वाटतंय. त्या काळचा सुतार दारावर इंग्रजी साल कशाला कोरेल? शिवाय इसवी १८०३ साली काय चाललं होतं ते आठवा. आदल्या वर्षी हडपसरला होळकरांनी बाजीरावाचा पराभव केला, तो वसईला पळाला, इंग्रजांशी तह केला आणि त्यांच्याच फौजेच्या आधाराने १८०३ च्या मे महिन्यात पुण्यात परतला. देशभर लूट, वर दुष्काळ. अशा साली वाईत दोन चौकी वाडा उभारणारा माणूस एकतर फार धीट असेल नाहीतर सावकार.

खात्री करायला एक सोपी खूण सांगते. अशा पट्टीवर बऱ्याचदा संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नावही असतं. शके १८०३ ला वृष संवत्सर होतं. इसवी १८०३ म्हणजे शके १७२५, त्याचं नाव रुधिरोद्गारी. दोन्ही नावांत गोंधळ व्हायचा संभव नाही. पट्टीवर ऑइल पेंट चढलेला असणार, तो खरवडू नका. रात्री विजेरी पट्टीला चिकटवून आडवा उजेड पाडा आणि फोटो काढा, रंगाखालचा खोदीवपणा सावलीत उठून दिसतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी सगळ्यांना सांगते. "घर किती जुनं" याला एक उत्तर नसतं. जागा एका सालची, जोतं दुसऱ्या, सांगाडा तिसऱ्या, छप्पर चौथ्या. दारावरचं साल फक्त ते दार बसवलं तेव्हाचं. म्हणून कागद आणि लाकूड दोन्ही वाचायचं.

लाकडापासून सुरू करा, कारण ते आधी जाणार आहे. माजघरात किंवा तळमजल्याच्या सोप्यात उताणे झोपा आणि कडीपाट, म्हणजे तुळया-फळ्यांचं लाकडी छत, बघा. तुळयांवर वाकसाने (सुताराच्या तासणीने) तासल्याचे उथळ, थोडे तिरके घाव दिसतात की यंत्राच्या करवतीच्या सरळ रेघा? मग ज्या खाचांत आता काहीच बसवलेलं नाही अशा रिकाम्या खाचा शोधा. एकीकडे तुळई, मध्येच चौकोनी भोक, आणि त्यात कोळ्याचं जाळं. त्याचा अर्थ ते लाकूड आधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात होतं आणि तिथून उचलून इथे आणलं. सागवान महाग, त्यामुळे मोडलेल्या वाड्याचं लाकूड नव्या वाड्यात हे सर्रास चालायचं. अशी एक रिकामी खाच मला माझ्या आजोळी सापडली आणि मामांना ते घर "संपूर्ण नवीन बांधलं" असं सांगणं कायमचं बंद करावं लागलं. खिळा सुटा मिळाला तर ठेवून घ्या. घडीव खिळा चौकोनी असतो, डोक्यावर हातोडीचे चपटे घाव असतात. तारेचे गोल खिळे नंतरचे.

वर चढता आलं (स्वतः चढू नका, गवंडी चढवा) तर एक कौल उतरवून पालथं करा. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे उद्योग शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून कौलावर 'कॉमनवेल्थ' दिसलं की छप्पर महायुद्धानंतर बदललंय हे नक्की. पण बासेलच्या कौलावर १८६५ दिसलं तर नाचू नका, ते कारखान्याचं साल आहे, कौलाचं नव्हे. लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटाशी उठावाची अक्षरं शोधा. डॉर्मन लाँग म्हणजे विलायती माल. टाटा असेल तर १९१२ च्या पुढचा, कारण त्याआधी जमशेदपुरात पोलाद निघतच नव्हतं. फरशी नक्षीदार सिमेंटची असेल आणि एखादी उखडलेली असेल तर तीही पालथी करा. पाठीवर 'भारत टाइल्स' असेल तर १९२२ च्या पुढची, कारण ती कंपनीच तेव्हाची.

आणि फडताळांची दारं आतून बघा! हे कुणी बघत नाही. पेन्सिलीने दुधाचे हिशेब, पोरांच्या उंचीच्या रेघा, भाडेकरूंची नावं. १९४७ च्या भाडेकायद्यानंतर भाडी जागच्या जागी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, आणि वाड्यांचा निम्मा इतिहास भाडेकरूंच्या हाताने लिहिला गेला. तुमच्या कागदांत तो मिळणार नाही.

कागदांचं: सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढा. तिच्यावर 'हक्काचा मूळ धारक' असा रकाना असतो. तेवढ्यावर थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मूळ धारकाने जागा आपली असल्याचं तेव्हा कशावरून सांगितलं, वडिलोपार्जित की खरेदी, ते तिथे लिहिलेलं असतं. मग नगरपालिकेत घरपट्टीची जुनी आकारणी. एका गावी मला "ते रेकॉर्ड नाही" असं सांगणाऱ्या लिपिकाच्या पाठीमागच्या कपाटावरच ते होतं. म्हणून कधीही उभ्याने विचारू नये, खुर्ची ओढून बसावं.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितेय कारण आत्ता आठवलं. बिल्डरच्या करारात मलबा कुणाचा ते लिहून घ्या. पाडणारा ठेकेदार लाकूड घनफुटावर आणि दार सरळ जुन्या बाजारात विकतो. गणेशपट्टी, चौकट, सुरूचे (सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या घाटाचे) खांब जे हवं असेल ते नावानिशी करारात घाला. नाहीतर तुमची पट्टी कुणाच्या तरी हॉटेलच्या भिंतीवर दिसेल आणि तिथेच बसून तुम्हाला मिसळ खावी लागेल.

छ_चंद्राचा

काकूंनी लाकडाचं सांगितलं, मी गाठोड्याचं सांगतो. मोडी वाचतो, हौस म्हणूनच.

गाठोडं सोडताना वरपासून खालपर्यंत क्रम मोडू नका, आधी जसं आहे तसा फोटो काढा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर कृपा करून नाहीच. प्रत्येक कागद उजेडात धरा. जलचिन्ह दिसलं तर कागद विलायती किंवा गिरणीचा. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदात ते नसतं. मुद्रांकावर राणीचं चित्र असेल तर मागची बाजू आधी बघा, मुद्रांक विकणाऱ्याने तारीख आणि घेणाऱ्याचं नाव टिपलेलं असतं. तिथे निम्मं काम होतं.

पेशवाईतल्या कागदात तारीख अशी येते: 'छ १६' आणि पुढे मुसलमानी महिना. 'छ' म्हणजे चंद्र. साल अरबी शब्दांत. समजा 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं असलं, तर दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. हे सुहूर सन, यात ५९९ मिळवायचे, १७७१. साल मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुरुवातीला) सुरू होतं, म्हणून मृगाच्या आधीचे महिने पुढच्या इसवी सालात जातात. पानिपताचं साल याच हिशेबाने 'इहिदे सितैन', एक आणि साठ, म्हणजे ११६१.

दुसरं, कागद जुना निघाला म्हणजे वाडा जुना असं धरू नका. वाचताना 'काळी' आणि 'पांढरी' यातला फरक बघा. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. बऱ्याच घरांत इनामाची सनद जपलेली असते ती शेताची, आणि घरचे ती वाड्याची समजतात. तुम्हाला हवं आहे ते वाटणीपत्र. त्यात "उत्तरेकडील सोपा खण तीन, जिन्यासुद्धा" अशा मापांनी (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) घर लिहिलेलं असतं आणि चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं येतात. दोन पिढ्यांची दोन वाटणीपत्रं मिळाली तर मधल्या काळात काय वाढवलं ते आपोआप कळतं.

घरात नसेल तर पुण्याचं पुराभिलेखागार, पेशवे दफ्तर तिथेच आहे. एक ध्यानात ठेवा: वाई १८४८ पर्यंत साताऱ्याच्या महाराजांच्या राज्यात होती, इंग्रजांनी राज्य खालसा केलं ते त्या साली. त्यामुळे १८१८ नंतरची तीस वर्षं इंग्रजी दफ्तरात शोधत बसू नका, सातारकरांच्या दफ्तरात बघा.

फोटो टाका, शीर्षकं तरी वाचून देतो. सगळं वाचायला मात्र दम धरावा लागेल.

माळवद

थोडं विषयांतर. आमचं घर कळंबकडचं, म्हणजे निजामाच्या मुलखातलं. तुमच्याकडे मोडी, आमच्याकडे १९४८ च्या आधीचं बरंचसं उर्दूत, साल फसली (महसुली वर्ष). इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवतात. गावातल्या मौलवींनी वाचून दिलं, चहाही त्यांनीच पाजला. घर दगडी, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर), त्यामुळे कौलांची भानगड नाही, पण दर पावसाळ्याआधी खारी माती कुणी टाकली याच्या मजुरीच्या नोंदी आजोबांच्या वहीत आहेत. मजुरांची नावं त्या वहीतच सापडली, दुसरीकडे कुठेही नाहीत. घराचा इतिहास म्हणून मी आधी तेच उतरवून घेतलं.

मधला_चौक

सगळ्यांचे आभार. शनिवारी जाऊन आलो.

रात्री विजेरी लावली. 'वृषना' एवढं स्पष्ट आहे, पुढे चौकटीची पट्टी ठोकल्याने अक्षरं गेलीत. आकड्यामागे 'श' पण दिसतो. म्हणजे १८८१. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "सुतार चुकला असेल."

माजघरातल्या सातपैकी तीन तुळयांना रिकाम्या खाचा आहेत, त्याही एका बाजूला ओळीने. तीनही तुळया बाकीच्यांपेक्षा जाड. कौल 'कॉमनवेल्थ'च. फडताळाच्या आत पेन्सिलीत कुणा भाडेकरूच्या मुलाने सगळी स्थानकं लिहिली आहेत, वाठारपासून पुण्यापर्यंत, रेल्वेत लागायचं असावं.

छ_चंद्राचा, गाठोड्याचे फोटो काढले. एका लांब कागदावर वर 'श्री' आणि बाजूला 'छ' सारखंच काहीतरी दिसतंय. पाठवतो.

करारात गणेशपट्टी आणि चार सुरूचे खांब घालायला सांगितलंय. बिल्डर म्हणाला, खांब न्या, पण त्या तीन तुळया त्याला हव्यात. काकू, या तुळयांचं काय करू?

ओटीवरची

जाड आहेत ना, म्हणूनच हव्यात त्याला. मोबदला न ठरवता देऊ नका. पण त्याआधी प्रत्येक खाचेची लांबी, रुंदी, खोली आणि दोन खाचांमधलं अंतर मोजून ठेवा. तीनही तुळयांवर अंतर सारखं आलं तर त्या एकाच जुन्या घरातून आल्या असण्याची शक्यता मोठी, आणि त्या घराच्या खणाचं माप तुमच्या हातात आलं. वाटणीपत्रात किंवा चतुःसीमेत "पडीक वाडा" असा शब्द येतो का ते छ_चंद्राचा यांना आवर्जून शोधायला सांगा. शेजारचं पडकं घर विकत घेऊन त्याचं लाकूड वापरलं असेल तर तिथे नोंद सापडू शकते.

पुढच्या शनिवारी मी येते. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा जवळच आहे, काकांनाही घेऊन जाऊ, पेशवाईतला वाडा कसा असतो ते त्यांना तिथे उभं राहून बघू दे. शिडी मात्र बांबूची नको, घडीची बघून ठेवा.