मंडळ-चर्चा | प्रगत वांशिक समता प्रशिक्षण : अर्जातील तिसरा रकाना, मुदत शुक्रवार

मंजिरी (सचिव)

अमेरिकेतील सिएटल परिसरातल्या आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

वांशिक समता प्रशिक्षणाच्या प्रगत वर्गातील आपल्या दोन्ही जागा निश्चित झाल्या असून, कार्यकारिणीत ठरल्याप्रमाणे वृंदाताई आणि नितीन यांची नावे अर्जात घातली आहेत. तिसरा रकाना मात्र अजून कोराच आहे. तिथे संस्थेचा सध्या अमलात असलेला एखादा नियम द्यायचा आहे आणि सगळ्या सत्रांत प्रतिनिधींनी त्याच नियमावर काम करायचे आहे. पहिल्या पातळीच्या वर्गासारखी नुसते ऐकून येण्याची सोय इथे नाही; नियम बदलण्याचा अधिकार असलेली निदान एक व्यक्ती प्रतिनिधींत हवी, ही अटही त्याचसाठी आहे. मी 'गणेशोत्सवातील प्रवेशद्वारावरची तपासणी' हा विषय सुचवते. ज्यांची हरकत असेल त्यांनी कारण आणि पर्याय, दोन्ही कळवावे. मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंतच आहे.

सुधाकर (सभागृह समिती)

मंजिरीताई, प्रवेशद्वार हा सभागृह समितीचा विषय आहे आणि समितीला न विचारता तो चर्चेला यायला नको होता. सिएटलशेजारच्या बेलव्ह्यू शहरातील त्या सभागृहात एका वेळी किती माणसे असू शकतात याची मर्यादा ठरलेली आहे. ती ओलांडली तर कार्यक्रम मध्येच थांबवण्याची वेळ येऊ शकते. म्हणून प्रवेशाची खूण असलेली मनगटपट्टी पाहिल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही, असा नियम आपण केला. तो अध्यक्षांना जसा लागू आहे तसाच प्रत्येक पाहुण्याला. गेल्या वर्षीच्या प्रसंगाबद्दल आम्ही त्या कुटुंबाची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली आणि तो विषय तिथे मिटला. पहाटेपासून खुर्च्या मांडणाऱ्या मुलांना परक्यांसमोर वंशभेदी ठरवणे मला मान्य नाही. विषय हवाच असेल तर जेवणाचे कंत्राट घ्यावे. ते दरवर्षी एकाच ठिकाणी जाते, अशी तक्रार आहेच.

वृंदा

सुधाकरराव, मुलांच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण प्रसंग मिटला असे आपण म्हणता, तेव्हा तो काय होता हे नव्या सभासदांसाठी लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. आपल्या एका सभासद भगिनीचे यजमान कृष्णवर्णीय आहेत. ते उकडीच्या मोदकांचा स्टीलचा मोठा डबा दोन्ही हातांनी धरून आत येत होते. पट्टी मनगटावर होती, झब्ब्याच्या बाहीखाली अर्धी झाकलेली. दारावर त्यांनी डबा खाली ठेवून ती दाखवली. चपला काढण्याच्या जागी त्यांना पुन्हा थांबवले, आणि मंचाच्या पायऱ्यांपाशी तिसऱ्यांदा थांबवले तेव्हा "आपण कोणाबरोबर आला आहात?" असा प्रश्नही केला. त्यांच्याबरोबरच असलेल्या पत्नीला आणि सासूबाईंना पट्टी एकदाही कोणी विचारली नाही. मी कुंकवाचे तबक घेऊन दारातच उभी होते आणि माझी पट्टी पर्समध्ये होती. मलाही कोणी विचारले नाही.

नियम सर्वांना सारखा होता, हे खरेच आहे. कोणाला थांबवायचे हे मात्र आपण ज्याच्या त्याच्या नजरेवर सोडले होते. नोकरीच्या क्षेत्रात हा प्रश्न १९७१ मध्येच ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. नॉर्थ कॅरोलायनातील त्या वीजकेंद्रात चांगल्या पगाराच्या विभागांत जाण्यासाठी शालान्त प्रमाणपत्राची किंवा लेखी चाचण्यांची अट होती. अट सर्वांना एकच होती, पण प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध दाखवता आला नाही आणि तिच्यामुळे बाहेर राहत होते ते मुख्यतः कृष्णवर्णीय कामगार. हेतू चांगला असला तरी नियमाचा परिणाम तपासावाच लागतो, असा एकमुखी निर्णय न्यायालयाने दिला. सिएटल महापालिकेची खाती नवे धोरण आखताना जी समता-प्रश्नावली वापरतात, तिचा रोखही हाच आहे: लाभ कोणाला होतो, भार कोणावर पडतो, आणि ज्यांच्यावर तो पडतो त्यांना निर्णयाआधी विचारले होते का. आपल्या दारावरच्या नियमाला हे प्रश्न विचारून पाहण्यात मुलांवर आरोप कुठे येतो?

नितीन

वर्गाला मी जाणार आहे, म्हणून एक अडचण आधीच मांडतो. अशा सत्रांत काही वेळ वंशानुसार वेगवेगळे गट पाडतात. आमच्या कंपनीतही असे गट झाले होते आणि त्यांचा उपयोग मी स्वतः पाहिला आहे. मुलाखतीनंतर "आपल्या टीममध्ये बसणार नाही" एवढाच शेरा मारून कोणाकोणाला वगळले जाते, हे एकत्र बैठकीत कोणी उच्चारत नव्हते, ते त्या खोलीत पहिल्या पाच मिनिटांत निघाले. मात्र नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या अमेरिकी सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाने मार्च २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात असे म्हटले आहे की, प्रशिक्षणासाठी कर्मचाऱ्यांना वंशानुसार वेगळे बसवणे हा नोकरीत भेदभावाला बंदी करणाऱ्या, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचा भंग ठरू शकतो, मग सर्व गटांना एकच मजकूर शिकवलेला असला तरीही. मी आणि वृंदाताई तिथे मंडळाचे स्वयंसेवक म्हणून जाऊ, पण बाकीचे बरेच जण आपापल्या कार्यालयांच्या वतीने येतील. गट ऐच्छिक असतील का, हे आयोजकांकडून लेखी घ्यावे.

गट झालेच तर आपण कोणत्या खोलीत बसायचे, हाही प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांचा खटला १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळत असे. थिंड उच्चवर्णीय आर्य आहेत आणि म्हणून गोरे आहेत, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. काळ्या माणसापासून आपण निराळे आहोत हे दाखवण्याची जी धडपड त्या युक्तिवादात होती, ती आपल्या समाजात आजही आहे आणि दारावरच्या प्रसंगात ती मला दिसली. सुधाकरकाकांना हे कठोर वाटेल, पण विषय बदलू नये असेच माझे मत आहे.

अनघा

नितीन, गटांपेक्षा मला हजेरीपटाची काळजी आहे. सरकारी कंत्राटदारांवर भेदभाव न करण्याचे आणि समान संधीसाठी पावले उचलण्याचे बंधन घालणारा १९६५ चा ११२४६ क्रमांकाचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, आणि तेव्हापासून ज्या कार्यालयांत ही प्रशिक्षणे सक्तीची होती तिथे त्यांचे नावही कोणी काढत नाही. आपल्यातील कित्येक जण एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांची वर्षानुवर्षे गेली आहेत. मंडळाचे नाव, सभासदांची नावे आणि छायाचित्रे कुठे प्रसिद्ध होणार आहेत, हे कळल्याशिवाय अर्ज पाठवू नये.

अरविंद (रेंटन)

अनघा, तुझी भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. नागरिकत्व असलेल्यांनीच प्रतिनिधी व्हावे आणि बाकी कोणाचे नाव अर्जात नसावे, एवढी काळजी पुरेशी आहे आणि ती घ्यावीच.

परंतु आपण सारे इथे कसे आलो, हेही तरुण सभासदांनी लक्षात घ्यावे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले, तेव्हा भारताचा कोटा वर्षाला अवघा १०० माणसांचा होता. तो कोटा मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात, १९६४ च्या कायद्यापाठोपाठ झाला. सिएटलमध्ये घरांच्या खरेदीखतांतच अमुक वंशाला विकू नये अशा अटी लिहिलेल्या असत. घरभाड्यात आणि विक्रीत भेदभावाला बंदी करणारा ठराव १९६४ मध्ये मतदारांनी फेटाळला आणि तो शेवटी १९६८ मध्ये झाला. मी आलो तो त्यानंतर. तरीही फोनवर रिकामी असलेली खोली मी दारात उभा राहिलो की भरलेली असायची. अखेर सिएटलमधील सेंट्रल डिस्ट्रिक्ट या वस्तीतील एका कृष्णवर्णीय वृद्ध बाईंनी मला वरची खोली दिली आणि अनामतही मागितली नाही. आपली काउंटी, म्हणजे जिल्हा, पूर्वी गुलाम बाळगणाऱ्या एका अमेरिकी उपाध्यक्षाच्या नावाने होती; १९८६ मध्ये काउंटीने ते नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचे असल्याचा ठराव केला आणि २००५ मध्ये राज्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या काउंटीत, आपल्या दारात, मोदक घेऊन येणाऱ्या माणसाला तीनदा अडवले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रज्ञा

अरविंदकाकांच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. तरीही आपण सगळे एकाच खोलीत बसलो म्हणजे आपल्यात सारे सारखेच आहेत, असे आयोजकांनी समजू नये, अशी व्यवस्था प्रतिनिधींनी करावी. दारावरच्या टेबलाशी यादी आडनावांप्रमाणे असते. आडनाव मोठ्याने विचारले जाते, मग गाव, आणि मग "म्हणजे तुम्ही…" असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले जाते. मागे रांग उभी असते आणि उत्तर माझ्याकडून अपेक्षित असते. माझ्या मैत्रिणी या टेबलामुळे मंडळात येत नाहीत. त्यांना पट्टीची काहीच अडचण नाही.

सिएटल नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीचा समावेश भेदभावविरोधी कायद्यात केला आणि तो नोकरी व घरांबरोबर सार्वजनिक ठिकाणांनाही लागू आहे. आपली दिवाळी सिएटलच्या हद्दीत होते. शिवाय वंश आणि जात यांचा एकत्र विचार आपल्याला नवा नाही. गुलामगिरी नष्ट करण्याच्या कार्याबद्दल जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावही इथल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले. यादीचा विषय तिसऱ्या रकान्यात आला नाही तर माझा अर्जाला विरोध राहील.

सुधाकर (सभागृह समिती)

प्रज्ञा, यादी आडनावांप्रमाणे असते, कारण नोंदणीच्या फॉर्ममधून ती तशीच बाहेर पडते. फोन क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून नाव शोधता येईल, पण त्यासाठी नोंदणी आदल्या दिवशी बंद करावी लागेल आणि दारावर येऊन पैसे भरणाऱ्यांचे काय करायचे हे सभागृह समितीच ठरवील. पट्टीची तपासणी फक्त दारावर, एकदाच आणि प्रत्येकाची, पदाधिकाऱ्यांचीही, एवढे करायला मी तयार आहे. चपलांपाशी आणि मंचापाशी कोणी विचारणार नाही. माझ्या अटी दोन. स्वयंसेवकांची नावे वर्गात घेतली जाऊ नयेत, आणि समितीला विचारल्याशिवाय नव्या नियमाचा मसुदा या चर्चेत येऊ नये. वर्गाला आमच्यापैकी एक जण असता तर बरे झाले असते.

मंजिरी (सचिव)

सर्वांचे आभार. तिसऱ्या रकान्यात पुढील मजकूर जात आहे: "गणेशोत्सव व दिवाळी कार्यक्रमांतील प्रवेशाची पद्धत, म्हणजे मनगटपट्टीची तपासणी आणि नोंदणीच्या टेबलावर विचारले जाणारे प्रश्न, यांत वंश व जात या दोन्ही दृष्टींनी भार कोणावर पडतो." सुधाकररावांच्या दोन्ही अटी मान्य आहेत. त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय त्यांचा प्रसंग वर्गात सांगितला जाणार नाही. वृंदाताई उद्या त्यांना फोन करतील. सभागृह समितीतील एकाला बदली प्रतिनिधी म्हणून घ्यावे, असे आयोजकांना कळवले आहे. गट ऐच्छिक असतील का आणि नावे व छायाचित्रे कुठे प्रसिद्ध होतील, हे दोन प्रश्न त्याच पत्रात आहेत आणि त्यांचे उत्तर आल्याशिवाय शुल्क भरणार नाही.

सुधाकरराव, गेल्या वर्षीचे दारावरचे कामवाटप मला गुरुवारी रात्रीपर्यंत नावे वगळून पाठवावे. जेवणाच्या कंत्राटाचा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घेऊ. कृपया त्यावर इथे उत्तरे पाठवू नयेत.