मोरोक्कोची ‘नीला’: पाला की कपड्यांची नीळ?

रंगारीण: काल इथे एकीने लिहिलं, “मोरोक्कन नीला पावडर, शंभर टक्के वनस्पती, आठ दिवसांत टॅन गायब, साइड इफेक्ट शून्य.” डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. आमच्याकडे तीन पिढ्या कापड रंगवतात. निळीच्या पाल्याचा रंग पाण्यात विरघळतसुद्धा नाही. माराकेशच्या बाजारात ढीग लावलेली ती झगझगीत निळी भुकटी बरेचदा अल्ट्रामरीन असते, गंधक असलेला खनिज रंग. म्हणजे आजीची कपड्यांची नीळ! पुडी मागवली, चमचाभर वाटीत घेऊन लिंबू पिळलं. रंग उतरून राखाडी झाला आणि गंधकाचा, नासक्या अंड्यांसारखा वास सुटला. पाल्यातून गंधक कुठून येणार?

टॅनवाली: ती पोस्ट माझी. मला फरक पडलाय. तुमच्या लिंबाचं मला काय?

कासाहून_परत: अहो, सगळ्यांना एकाच दोरीला बांधू नका. मी दोन वर्षं कासाब्लांकात होते. शेजारीण हमामला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाफेच्या न्हाणीघरात न्यायची. आधी लोण्यासारखा मऊ, काळा बेल्दी साबण, मग अंग घासायचा खरखरीत केसा हातमोजा. अंगावरून शेवयांसारखा मळ सुटतो, लाज वाटते. शेवटी घासूल, त्यात ती गुलाबपाकळ्या नि लवंग भिजवायची. अशी त्वचा कुठल्या क्रीमने झाली नाही माझी.

रंगारीण: घासूल पाला नाही, माती आहे. मोरोक्कोतल्या मूलुया खोऱ्यातली.

कासाहून_परत: माहीत आहे! पण गुलाब तिथल्याच केलात मगूना गावचा असतो, तो तरी पाला की तोही गंधक?

नाना_सातारकर: मोरोक्को म्हटलं की पुडीला नऊशे रुपये. आमचं उटणं दिवाळी सरली की माळ्यावर.

सुजाता_पी: नैसर्गिक म्हणून काहीही फासणाऱ्यांनो, माझ्या बहिणीला लग्नात कोनातली काळी मेंदी काढली. तिसऱ्या दिवशी फोड. सहा वर्षं झाली, मनगटावर वेलबुट्टीचा पांढरा डाग तसाच आहे.

मेंदीवाली_मावशी: मेंदीला बदनाम करू नका, वीस वर्षं काढतेय.

सुजाता_पी: मेंदी काळी नसतेच! पाल्याचा रंग नारिंगी, मग तपकिरी. काळेपणा पीपीडीचा, केस रंगवायच्या डायमधला. तिकडे मोरोक्कोत चौकात पर्यटकांच्या हातावर काढतात, इकडे मांडवात. फोड तेच.

मेंदीवाली_मावशी: मग गिऱ्हाइकाला सांगा ना! “मावशी, काळीकुट्टच हवी” म्हणून ओरडतात. नाही म्हटलं की समोरच्या पार्लरला. माझ्या पोटावर पाय तुम्ही आणायचा आणि पाप माझं?

सुजाता_पी: म्हणजे तुम्ही लावता.

मेंदीवाली_मावशी: लावत होते. मुलीच्याच हाताला खाज सुटली, तेव्हापासून बंद. झालं समाधान?

नाना_सातारकर: उटण्याचं कुणी काही बोललंच नाही.

रंगारीण: मावशी, तुमचं बरोबर. आणि टॅनवाली, एक मान्य करते, नाइलाजाने: अल्ट्रामरीन विषारी नाही, युरोपात सौंदर्यप्रसाधनांत रीतसर चालतं. पण ते झाडाला लागत नाही. आणि निळ्या झाकेने पिवळटपणा झाकतो, शर्टाचा झाकतो तसाच. धुतलं की टॅन जागेवर.

टॅनवाली: वा, उपकार झाले. पिळलं लिंबू. वास आला. उरलेली पावडर आईने बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यांना लावली. बाबा विचारतायत, नवीन घेतले का?